नोंद घेतली

बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अजून फायलीच्या भाषेतच बोलतात. माझ्या मानेतली गादी सरकली, गळ्यात पट्टा आला आणि लिफ्टमध्ये रोजचा छळ सुरू झाला.

"विषय, मान. संदर्भ, कालचं बोलणं. एक, उशी बंद. दोन, एरंडेल तेल."

"अहो, डॉक्टरांनी उशी घ्यायलाच सांगितलीय!"

"नोंद घेतली," म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उशी! हाताला मुंग्या, झोपेचं खोबरं, त्यात हा माणूस.

शेवटी मी भडकलो. "उपाय राहू द्या हो! तुमचा तो नोटीसबोर्ड एवढा उंच, मला मान वर करता येत नाही. पाणी कधी जाणार तेसुद्धा कळत नाही."

"नोंद घेतली."

सकाळी खाली आलो, तर बोर्ड बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. वर भिंतीत खिळ्यांची जुनी भोकं. सत्तरीचा हा माणूस स्वतः स्टुलावर चढला होता, असं वॉचमन म्हणाला. मला भरून आलं. मान न हलवता मी पहिलीच नोटीस वाचली.

"विषय : ४०२ यांची मान. सर्व सभासदांनी आपापले उपाय त्यांना समक्ष भेटून सांगावेत."