मंडईच्या दिवशी शटर

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या दुकानाचं शटर कधी वर करायचं हे मला पुण्यातला एक पोरगा सांगत होता.

सानगडीच्या बाजारचौकात माझं चहाचं दुकान आहे. चाळीसेक वर्षं त्याला नाव नव्हतं. लोक म्हणायचे, चौकात बस, मी येतो, आणि माणूस बरोबर माझ्याच बाकावर येऊन बसायचा. मग माझ्या पोराच्या डोक्यात भरलं की पुण्याच्या एका चहा कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. फ्रँचायझी म्हणजे काय ते माझ्या शब्दांत सांगतो. जागा आपली, मेहनत आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि बोर्ड त्यांचा. मशीन त्यांची, पुड्या त्यांच्या, कप त्यांचे. मशीन चालू करायला मोबाईलवर एक आकडा येतो, तो टाकला तरच चहा पडतो. आकडा पुण्याहून येतो. मी चौथी नापास आहे, पण ज्याच्या हातात आकडा तो मालक, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. पोराला कळलं नाही. तो बी.ए. आहे.

तरी मी सही केली. पोरगा तोंड फुगवून बसला होता आणि घरात त्याची आई माझ्याशी बोलत नव्हती. सही केली म्हणजे अक्कल गहाण टाकली असा अर्थ होत नाही. कंपनीला तसा वाटला.

सुरुवातीला बरं होतं. कंपनीचा एक माणूस मोटारसायकलवर यायचा. साकोली, लाखनी, आमच्याकडची सगळी दुकानं फिरायचा. बाकावर बसायचा आणि शिव्या ऐकायचा. मी त्याला पोटभर दिल्या. पुडीत साखर जास्त आहे. कप इतका पातळ आहे की बोटं भाजतात, शेतकरी माणूस कप फेकून देतो आणि नाव माझं घेतो. तो मान हलवायचा, निघून जायचा. काही दिवसांनी कप जाड आले. तो माणूस मला काही आवडत नव्हता, दाढी कुरवाळत बोलायची त्याला खोड होती. पण त्याला कान होते.

त्याला कंपनीने काढून टाकलं. म्हणे आता संवाद सोपा करतो. सोपा म्हणजे मोबाईलवर ग्रुप. त्या ग्रुपात फक्त कंपनी लिहू शकते. आपण वाचायचं. सून मला वाचून दाखवायची, आज हे करा, उद्या ते करा, आणि शेवटी हात जोडलेलं चित्र. जोडलेले हात पाहिले की माझं डोकं फिरायचं. हात जोडणारा माणूस समोर उभा राहतो, दार लावून आतून हात जोडत नाही.

आमच्या गावात पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा. चौकात उभा राहून ओरडायचा की उद्या अमुक आहे. पण ओरडून झालं तरी तो तिथेच थांबायचा, कारण एखादी म्हातारी विचारायचीच, काहून रे बापू? माहीत असलं तर सांगायचा, नसलं तर पाटलाला विचारून परत यायचा. कंपनीची दवंडी ओरडून पळून जाणारी.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस लागले. बाहेरच्या माणसासाठी सांगतो, आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भाऊबीजेपासून एकेका गावची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक. आणि सोयरिकी जुळतात. मुलाकडचे आणि मुलीकडचे माझ्या बाकावर समोरासमोर बसतात, आणि कप खाली होईपर्यंत मला कळून चुकतं की बोलणं पुढे जाणार की नाही. माझ्या दोन्ही पोरींचं तिथेच ठरलं. मंडईच्या दिवशी आमच्या गावात कोणाचं शटर खाली दिसलं तर लोक दोनच गोष्टी समजतात. घरात मयत झाली, नाही तर धंदा बुडाला.

तर सुनेने वाचलं. बुधवारी भंडारा आणि गोंदियाची सगळी दुकानं बंद ठेवायची. नवी मशीन बसणार. जुन्या मशीनचा आकडा मंगळवारी संध्याकाळीच बंद होईल. दुकानदाराने दिवसभर हजर राहून मोबाईलवर मशीन शिकून घ्यायची. खाली हात जोडलेले.

बुधवारी आमची मंडई होती.

समोर माझ्या चुलतभावाचा पानठेला आहे. बोर्ड लागला त्याच दिवशी तो चौकात म्हणाला होता, म्हातारा आता नोकरीवर लागला. त्यावर मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. आता मंडईच्या दिवशी कंपनीच्या हुकमाने माझं शटर खाली राहिलं असतं तर तो खरा आणि मी खोटा ठरलो असतो. तेसुद्धा दहा गावच्या पाव्हण्यांसमोर. मला दुसरं काही नको होतं. बुधवारी शटर वर पाहिजे होतं.

ग्रुपात लिहिता येत नव्हतं. पोराने कंपनीच्या नंबरावर फोन लावून दिला. एक बाई म्हणे एक दाबा, दोन दाबा. मी दाबत गेलो. मग गाणं वाजायला लागलं. गाणं चांगलं होतं, तीन दिवस ऐकलं.

मग कळलं की मंगळवारी भंडाऱ्याला कंपनीची सभा आहे. विषयच तो, कंपनी आणि दुकानदार यांच्यात सुसंवाद. मी पोराला म्हटलं तू दुकान पाहा, मी जातो. त्याचा चेहरा उतरला. त्याला माझं तोंड ठाऊक आहे.

भंडाऱ्याच्या स्टँडवर जवाहरनगरचा दुकानवाला भेटला. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ऑटोत तो माझ्यापेक्षा जास्त तापला होता. कंपनी म्हणते दुकान सात वाजता उघडा, आणि फॅक्टरीच्या बसा त्याच्या आधीच निघून जातात. चहा पिणारा कामावर गेल्यावर मी दुकान उघडून माशा मारतो, म्हणाला. आज मी त्यांची खाल काढतो, म्हणाला. मला बरं वाटलं. म्हटलं, दोघं झालो.

मंगल कार्यालयाचा हॉल होता. मोठा पडदा, आणि त्यावर लिहिलेलं, चला बोलू या. आम्ही खाली खुर्च्यांवर, माईक वर स्टेजवर, एकच. पुण्याहून आलेला साहेब माझ्या नातवाच्या वयाचा, कंपनीचा रंगीत टी-शर्ट घातलेला. बोलायला सुरुवात केली ती थांबेना. पडद्यावर बाण दाखवले. तुमची अडचण इथे लिहा, मग तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर मिळेल, मग दोन दिवसांत उत्तर मिळेल. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून द्या, शेवटी घेऊ.

माझं लिहिणं किती चालतं ते मला माहीत आहे. मी उभा राहिलो. माईक लागत नाही मला, बाजारात आयुष्य गेलं.

"साहेब, उद्या आमच्या गावची मंडई हाय. मले उत्तर दोन दिवसांनी भेटन. मंग त्या उत्तराचं मी काय करू?"

मागे कोणी तरी हसलं. साहेबालाही हसू आलं, पण त्याने ते आवरलं. म्हणाला, "काका, तुम्ही आधी का नाही कळवलं?"

"कोणाले कळवू? ग्रुपात तुम्ही आमचं तोंड बांधून ठेवलं. फोनवर तुमची बाई गाणं ऐकवून राहिली. आता तुम्ही सापडले त म्हणता चिठ्ठी लिहा."

त्याने शेजारच्या माणसाकडे पाहिलं. मग फार समजूतदारपणे मला म्हणाला, की मंडईची तारीख द्या, पुढच्या वर्षीपासून कॅलेंडरमध्ये टाकून घेतो. जिल्ह्याची एक तारीख द्या.

"एक तारीख नसते. आज या गावची, उद्या त्या गावची. सगळ्याईनं एकाच दिवशी केली त पाव्हणा कोणाकडे जाईन?"

"मग काका, एवढ्या दुकानांचं प्लॅनिंग आम्ही करायचं कसं?"

"इचारून."

मला वाटलं, आता कोणी तरी उठेल. लाखनीवाल्याची मंडई गुरुवारी होती, नव्या मशीनच्या दुसऱ्याच दिवशी, साकोलीवाल्याची त्याच आठवड्यात. सगळे आपापल्या चपला पाहत बसले. उठला तो जवाहरनगरवाला. मी त्याच्याकडे पाहिलं, म्हटलं काढ आता खाल. त्याने दोन्ही हात समोर बांधले आणि बोलला, की कंपनीने आमच्यासाठी एवढा चांगला कार्यक्रम ठेवला त्याबद्दल मी सर्वांच्या वतीने आभार मानतो. टाळ्या वाजल्या. पडद्यावरचं चित्र पुढे सरकलं.

जेवणात पुऱ्या आणि रस्सा होता. जवाहरनगरवाला ताट घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही बरोबर बोलले."

मी म्हटलं, "ते तुम्ही माईकवर सांगाले पाहिजे होतं. माह्या कानात सांगून काय फायदा, माह्या कानाले माईत हाय."

तो ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला. आजही मला पाहिलं की रस्ता बदलतो. बदलू दे.

हात धुताना साहेबाला गाठलं. एकटा सापडल्यावर तो हसला नाही. म्हणाला, मशीनचे टेम्पो नागपूरला भरून उभे आहेत, एका दुकानासाठी ते थांबत नाहीत. करारात लिहिलं आहे, कंपनीच्या सूचनेविरुद्ध दुकान चालवलं तर बोर्ड उतरवला जाईल. म्हणाला, "तुम्ही सही केली आहे, काका."

"केली. पण शटर विकलं नाही."

मग मी त्याच्याकडे नंबर मागितला. बाईचा नाही, तुमचा. चार लोक पाहत होते म्हणून त्याने दिला. म्हणाला उद्या सकाळी फोन करा, बघतो. मी आयुष्यभर तहसीलमध्ये, बँकेत, सोसायटीत बघतो ऐकलं आहे. ज्याला करायचं नसतं तो बघतो.

गावात उतरलो तेव्हा दिवस बुडायला आला होता. चौकात मंडईची दुकानं लागत होती, पाळणेवाला खांब गाडत होता. आमच्या मशीनचा आकडा बंद झाला होता, आणि पोरगा तिच्यासमोर बसला होता जसा कोणी आजाऱ्यासमोर बसतो. मी झालं ते सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, बोर्ड जाईन. मंग आपण काय करू?"

"तुह्या जन्माच्या आधी बोर्ड होता काय?"

"तवाची गोष्ट वेगळी होती."

वेगळी होती, हे खरं आहे. त्याच्या आवाजात भीती होती आणि ती खोटी नव्हती. पोरांच्या शाळा आहेत, त्याची उभारी त्या बोर्डावर आहे. त्याला हिडीसफिडीस करण्यात काही मर्दुमकी नव्हती. तेवढ्यात त्याची आई डबा घेऊन आली, ती दारातूनच बोलली.

"अजी, बोर्ड गेला त जाऊ द्या. भिताड त आपलं हाय."

पोरगा थोड्या वेळाने उठला आणि भजीवाल्याकडून मोठी शेगडी आणि पातेलं उचलून आणलं. कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंधार होता तेव्हाच, मी धान झाकायची ताडपत्री घेऊन शिडीवर चढलो. पोरगा खालून म्हणत होता मी चढतो, मी म्हटलं शिडी धर. बोर्डावर ताडपत्री टाकून चारही कोपरे दोरीने आवळले. खाली उतरून शटर वर केलं. पहिलं दूध उतू गेलं, कारण मागून आणलेल्या शेगडीचा जाळ हाताला नवीन होता. दुसरं बरोबर उतरलं. पहिल्या एसटीचे पाव्हणे चौकात उतरायला लागले, आणि समोर चुलतभाऊ पानठेला उघडून इकडे पाहत उभा राहिला, त्याच्याकडे मी पाहिलं नाही. मग साहेबाला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. शेवटी झोपेतला आवाज आला, कोण?

मी म्हटलं, "सानगडीतून बोलून राहिलो. दुकान उघडलं."

तो काही तरी बोलायला लागला. गिऱ्हाईक उभं होतं, मी फोन ठेवून दिला.