साडूंना कबूल नसलेला गुन्हा

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या थोरल्या साडूंइतका प्रामाणिक आणि तरीही इतका भांडखोर आरोपी दुसरा सापडणार नाही. राजापेठेतल्या त्यांच्या घरी दूध उतू गेलं आणि मेहुणी ओरडली, "अवो, लक्ष कुठी होतं तुमचं?" की साडू ताडकन उभे राहतात. "दूध माह्यासमोर उतू गेलं, कबूल. माह्यामुळं गेलं, हे शाबीत कर." मेहुणी एका वाक्यात शाबीत करते आणि मग साडू निमूट ओटा पुसतात. एकदा मोबाइलवर दुसऱ्याच कुणाच्या स्कूटरचं चलान आलं, तर हे गडी थेट वाहतूक शाखेत. "साहेब, ही गाडी माही नाही, दंड भरणार नाही. पण काल चौकात मी सिग्नल तोडला, तवा तुमचा फोटोवाला कुठी गेला होता? त्याची पावती फाडा!" साहेबांनी चहा मागवला. पावती फाडायची कशी, हे त्यांनाही सुचेना.

असा माणूस खटल्यात सापडला. झालं असं, की अकोटहून कापसाचा टेम्पो आणताना भर दुपारी रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. त्याला चुकवायला साडूंनी स्टिअरिंग वळवलं आणि टेम्पोचा कोपरा एका मोटरसायकलीला लागला. मोटरसायकलवर अकोटचे एक टेलरचाचा होते, त्यांचा पाय मोडला. साडूंनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथून स्वतः पोलीस ठाण्यात गेले. कागदावर मात्र नेहमीचं वाक्य पडलं: 'भरधाव आणि निष्काळजीपणे'. रोह्याचा उल्लेख नाही. चाचा तेव्हा कण्हत होते, त्यांना कुणी विचारलंच नाही.

वकील म्हणाले, "गुन्हा कबूल करा, थोडा दंड होईल, मोकळे व्हाल." आमच्याकडे निम्मे लोक असेच मोकळे होतात, तारखांचा वैताग नको म्हणून न केलेलंही हो म्हणून टाकतात. साडू म्हणाले, "केस मोकळी होईन, मी कुठी मोकळा होतो? दोषी म्हणून नाव चढलं का ते पोलिसाच्या कागदावरून उतरत नाही." आणि त्याच सुमाराला साडूंना एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर व्हायचं होतं. लेकरांची गाडी चालवणं ही त्यांच्या लेखी ड्रायव्हरकीतली सगळ्यात मोठी बढती. पण त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. दाखल्यावर 'खटला प्रलंबित' असं आलं आणि शाळेनं अर्ज बाजूला ठेवला.

मग नऊ वर्षं दर तारखेला साडू एसटीनं अकोटला. सोबत डबा, आणि डब्यात चाचांसाठी दोन पोळ्या जास्त! जखमी आणि आरोपी कोर्टाच्या ओट्यावर एकाच डब्यात जेवताना मी स्वतः पाहिले आहेत. चाचा वैतागून म्हणत, "भाऊ, कर ना कबूल! मेराभी आना-जाना बचेगा."

"चाचा, तुमचा पाय माह्या गाडीनं मोडला, शंभर बार कबूल. पण मी बेफाम चालवून राहिलो होतो, हे नाही."

"बडा जिद्दी है रे तू! लोणचं दे इकडं."

शेवटी चाचांची साक्ष निघाली. ते लंगडत पिंजऱ्यात चढले आणि म्हणाले, "साहब, रोही आया था. यह तो आहिस्ता चला रहा था. आजपर्यंत मले कोणी पुसलंच नाही!" साडू निर्दोष सुटले. बाहेर येऊन दोघं गळ्यात गळा घालून असे रडले, की बघणाऱ्याला वाटावं दोघांनाही शिक्षा झाली.

कोरा करकरीत दाखला हाती आला तेव्हा साडूंची साठी उलटली होती. तरी मला ओढत ते शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई हळूच म्हणाल्या, "काका, साठीनंतर आम्ही बस देत नाही."

"नोकरी मांगाले आलोच नाही, बाई. माह्या नावाचा जुना अर्ज तुमच्या फायलीत पडला असंन. त्याच्यावर हे लावा. नाव खराब ठेवून जायचं नाही मले."

बाईंनी फाईल शोधायला लावली. पिवळा पडलेला अर्ज निघाला आणि साडूंनी आपल्या हातानं त्याला दाखला टाचला. टाचणी दोनदा वाकली. बाहेर शाळा सुटली होती. नवा ड्रायव्हर खच्चून भरलेली बस फाटकातून मागे घेत होता आणि त्याला काही जमत नव्हतं. साडू पळत मागे गेले, हात उंच केला, "येऊ दे... येऊ दे... डावीकडं घे... सावकाश, लेकरं आहेत!" बस रस्त्याला लागली. खिडकीतल्या एका पोरीनं त्यांना टाटा केला. धुरळा बसला तरी साडूंचा हात वरच होता.