कुंकवाच्या डबीला जाळी

सागाच्या ताज्या भुशाचा वास आला की मला शिळफाट्यावरची ती खोली आठवते. बायको रुसून कर्जतजवळच्या कोंडाण्याला माहेरी गेली होती आणि तिला परत आणायला मी नक्षीच्या बारीक करवतीने कुंकवाची डबी करत होतो. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून करवतीशीच गप्पा मारत मी झाकणावर वेलबुट्टीची अशी झकास आरपार जाळी कापली की माझं मलाच कौतुक वाटलं. रिकामी डबी देऊ नये म्हणून ती कुंकवाने काठोकाठ भरली, सदऱ्याच्या खिशात घातली आणि निघालो. कर्जतहून पुढे चालताना घामाच्या धारा लागल्या. मला दारात पाहताच सासूबाई किंचाळल्या, "अगो बाय, जावयबापूंना कुनी मारलं गं!" बायको धावत आली, लालभडक सदरा पाहून घाबरली आणि डबी हातात घेतल्यावर पोट धरून हसली. "अवो, कुंकवाच्या डबीला कुनी जाळी पाडतं का?" मला वाटलं, जिंकलो. म्हटलं, "चल मग घरी." तिने पदराने डबी पुसली आणि हळूच म्हणाली, "डबी ठेवते. तुमी जावा." ती आलीच नाही. आता मी झाकणं अखंड ठेवतो, पण डबीत भरायला माझ्याकडे खिळ्यांशिवाय काही नसतं.