तळहाताने ऐकणारे मिस्त्री

मिस्त्रींशी सर्वांना ओरडूनच बोलावे लागे. भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात वीस वर्षे घणांच्या शेजारी उभे राहिल्याने त्यांचे दोन्ही कान जवळजवळ निकामी झाले होते आणि त्याबद्दल कारखान्याने त्यांना एक ओळही लिहून दिली नव्हती. हे मला कळले त्याच दिवशी मी नुकसानभरपाईच्या अर्जाचा मसुदा तयार केला. मिस्त्रींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि नीट घडी घालून मला परत दिला. "राहू द्या साहेब. पण तुमचा आवाज मला बराबर ऐकू येतो बघा. अल्लानं माझ्यासाठीच दिलेला दिसतोय." माझ्या चढ्या आवाजाने आजवर शेजारी, बँकेचे अधिकारी आणि सोसायटीचे तीन अध्यक्ष दुखावले गेले आहेत. त्याचे स्वागत करणारे मिस्त्री एकटेच.

कान गेल्यावर ते तळहाताने ऐकू लागले होते. दिघी रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. आलेली गाडी ते नुसती चालू करून उभी ठेवायला सांगत, उजवा तळहात इंजिनावर टेकवीत आणि डोळे मिटून घेत. त्या वेळी कोणी बोललेले त्यांना खपत नसे. "तुम्हाला ऐकू येत नाही, मग आमच्या बोलण्याची अडचण कसली?" असे मी एकदा विचारले. "तुमच्या बोलण्यानं पत्रा हलतो, साहेब," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे गेलो तो हौसेने नव्हे. माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून तीनदा, सकाळी सात वाजता, तिला दिघीहून चिंचवडच्या रुग्णालयात डायलिसिससाठी न्यावे लागते. आमची गाडी त्या वेळी दीड वर्षाची, हमीच्या मुदतीतली होती; आणि ती सिग्नलला उभी राहिली, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की थरथरून बंद पडे. एकदा नाशिक रस्त्यावर, चाकणकडून आलेला कंटेनर मागे हॉर्न देत असताना, ती लागोपाठ तीनदा बंद पडली. पत्नीने दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती. घरी आल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, आठवड्यातून दोनदाच गेलं तर नाही का चालणार?" चालणार नव्हते. डॉक्टरांनी ते आम्हा दोघांना स्वच्छ शब्दांत सांगितले होते. रिक्षाचा प्रयोग आम्ही केला होता. परतताना तिचा रक्तदाब इतका उतरे की तिला बसवत नसे. त्या दिवसापासून प्रत्येक सिग्नल मला दुरूनच दिसू लागला आणि तो हिरवा राहावा म्हणून मी, साठी ओलांडलेला माणूस, मनात आकडे मोजू लागलो.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडी तीन वेळा ठेवून घेतली, स्पार्क प्लग बदलले आणि तिन्ही वेळा लिहून दिले: 'दोष आढळला नाही.' या वाक्याइतका संताप मला क्वचितच कशाचा आला असेल. मी रजिस्टर्ड पोस्टाने आठ पत्रे पाठवली. ग्राहक आयोगात दाद मागण्याची रीतसर नोटीस दिली. काउंटरवरच्या सल्लागाराचे नाव घालून त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई करण्याची मागणी केली.

सारी हकिकत सांगत ही सगळी फाइल मी मिस्त्रींसमोर ठेवली. त्यांनी ती बाजूच्या स्टुलावर ठेवली, हात पुसले आणि माझी जी उलटतपासणी सुरू केली, तशी मी न्यायालयातही पाहिलेली नाही.

"जाताना बंद पडते का येताना?"

"जाताना. येताना क्वचितच."

"सर्व्हिसवाल्यांकडं कधी बंद पडली?"

"कधीच नाही. तीच तर त्यांची लबाडी!"

"लबाडीचं मागनं बघू. रात्रभर त्यांच्याकडं राहते, सकाळी चालवून बघतात आणि नीट चालते. तुमच्याकडं राहते आणि सकाळी रुसते. मग रात्री तुमच्याकडं काय होतं?"

"काही होत नाही. उभी असते."

"उद्या सकाळी मी येतो. भाभींना न्यायच्या वेळी. तुमी रोज जे करता ते सगळं करायचं. मी हाय असं समजायचंच न्हाई."

सहा वाजता ते आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये हजर होते. मी नित्याप्रमाणे बॉनेट उघडले, खिशातून दहा नंबरचा पाना काढला आणि बॅटरीची सुटी तार जागेवर बसवू लागलो. मिस्त्रींनी माझे मनगट धरले.

"हे काय करता?"

मी सांगितले. उभ्या गाड्यांनी शॉर्टसर्किटने पेट घेतल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. इमारतीत छत्तीस कुटुंबे राहतात. दुर्घटना घडली तर निष्काळजीपणाचा ठपका कोणावर येईल, याचा विचार करून मी रात्री गाडी उभी केली की बॅटरीची तार काढून ठेवत असे. डॅशबोर्डवरचे घड्याळही रोज सकाळी न चुकता लावत असे.

"कवापासनं?"

"सहा महिने झाले."

"आणि बंद कवापासनं पडते?"

तेवढेच महिने झाले होते. मी पाना खिशात परत ठेवला.

मग त्यांनी मला समजावले, तेही हळू आवाजात. ओरडायचे काम माझे होते. इंजिनाला हवा देणाऱ्या झडपेवर काजळी धरते. गाडीतला कॉम्प्युटर ते ओळखून झडप तेवढी जास्त उघडी ठेवायला शिकतो. तार काढली की तो शिकलेले सारे विसरतो. "रोज तिला कोरी करता तुमी. मग सिग्नलला उभी राहिल्यावर किती श्वास घ्यायचा, हेच तिला ठाऊक नसतं. अर्ध्या तासानं शिकते, तवर तुमी दवाखान्यात." सर्व्हिस सेंटरमध्ये तार कोणी काढत नव्हते. त्यांनी लिहिलेले वाक्य खरे होते. माझ्या आठ पत्रांत सगळे होते, कलमे होती, तारखा होत्या. ती तार तेवढी नव्हती.

मिस्त्रींनी तिथेच झडप काढून पुसली, तार पक्की केली आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी वीस मिनिटे चालू ठेवली. आम्हाला उशीर होत होता. पत्नी खाली येऊन बसली. "मी येतो संगं," म्हणून मिस्त्री मागे बसले.

भोसरीच्या सिग्नलला लाल दिवा लागला. मी पाय उचलला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली आला, आणखी खाली आला, गाडी एकदा कापली. मागे ट्रक उभा होता. पत्नीने विचारले, "बंद पडली का?"

"न्हाई भाभी," मागून मिस्त्री म्हणाले. त्यांचा तळहात पत्नीच्या सीटच्या पाठीवर टेकला होता. "विचार करतीय. करू द्या."

काटा स्थिरावला. पुढच्या चार सिग्नलनाही गाडी बंद पडली नाही. रुग्णालयाच्या दारात उतरताना पत्नी म्हणाली, "परवा पण सातलाच ना हो?" आठवड्यातली तिसरी खेप गाळण्याविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही.

मिस्त्रींनी पैसे घेतले ते साफसफाईपुरते. मात्र जाताना विचारले, "त्या काउंटरवाल्या पोराचं काय झालं?" माझ्या पत्रामुळे त्याला काउंटरवरून काढून गाड्या धुण्याच्या विभागात टाकले होते. मी सांगितले. माझे उत्तर जणू ऐकूच आले नाही, अशा थाटात त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारला. त्याच दुपारी मी नववे पत्र लिहिले. 'उपरोक्त तक्रार माझ्या स्वतःच्या चुकीतून उद्भवली असून' हे शब्द लिहायला मला आधीच्या आठही पत्रांपेक्षा अधिक वेळ लागला. ते मी पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन दिले आणि त्या मुलाला सर्वांसमोर हात जोडले. पुढच्या सोमवारी तो काउंटरवर दिसला.

गेल्या महिन्यात पत्नीने मिस्त्रींसाठी लिंबाचे लोणचे घातले. तिला स्वतःला ते वर्ज्य आहे. रुग्णालयातून परतताना शेडपाशी गाडी थांबवून मी एकटाच उतरलो. शेड बंद होती. शेजारी त्या जागेचे मालक, जुन्या गावातले एक शेतकरी, खाटेवर बसले होते.

"मिस्त्री न्हाई राहिलं," ते म्हणाले. "झोपंतच गेलं. पंधरा दीस झालं. तुमास्नी कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

मी वळलो. गाडी चालू होती. पत्नी बरणी मांडीवर धरून काचेतून बघत होती. डायलिसिसनंतर तिचा चेहरा असतो तसाच पांढरा होता.

"भेटले का?"

आयुष्यभर मी खोट्या जबान्यांविरुद्ध लिहीत आलो आहे.

"गावाला गेलेत," मी म्हणालो.

"मग गुरुवारी येताना देऊ," ती म्हणाली आणि बरणीचे झाकण आणखी घट्ट केले.