पट्टेकाकांच्या विरुद्धचा अर्ज

पट्टेकाका आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. पेणहून रोह्याला पहिल्या शिफ्टची माणसं न्यायची, एवढंच त्यांचं काम. पण या गृहस्थानं स्टिअरिंगला हात लावण्याआधी बॉनेट उघडलं नाही, असा एक दिवस गेला नाही. आम्ही मांडीवर डबे घेऊन खिडकीतून बोंबलायचो आणि हे आपले इंजिनात डोकं घालून फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबत बसलेले. डोकं फिरायचं माझं.

बेल्ट अर्ध्या इंचाहून जास्त दबला की सैल. मग तो पिळून आतल्या बाजूच्या भेगा बघायच्या. सोमवारी तर बेल्ट उतरवून, तो ताणून धरणारी छोटी पुली हातानं फिरवायची आणि कान लावायचा. कुणी विचारलंच तर आधी खेकसायचे, मग सांगायचे, की या एका पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो; पट्टा गेला की इंजिन भाजून निघालंच म्हणून समजा. माणूस मूळचा मिठागरातला, त्यामुळे दाखलेही तिथलेच. "बांध फुटायच्या आधी झिरपतो. पट्टा तुटायच्या आधी कुरकुरतो. तुमाला ऐकायचंच नाय, त्याला मी काय करू?"

बसच्या ठेकेदारानं एकदा मोठ्या ऐटीत नवा पट्टा आणला, तर काकांनी त्यालाच सर्वांदेखत झापलं. पुलीचं बेअरिंग खरखरतंय, तिच्यावर घातलेला नवा पट्टाही महिन्यात जाईल, आधी पुली आणा. ठेकेदार म्हणाला, पट्ट्याला साबण घासा, आवाज बंद होईल. काय अक्कल! आणि आम्ही चाळीस जण हसलो. ठेकेदाराला नाही, काकांना.

मग एका सकाळी पुली हलायलाच लागली आणि काकांनी किल्ली खिशात टाकली. गाडी निघणार नाही म्हणाले. खाली उतरा, हात लावून बघा, असं दारात उभं राहून सांगत होते. एकही जण उतरला नाही. दुसरी गाडी यायला सवा तास गेला. गेटवर सगळ्यांचा अर्धा दिवस कापला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या सुट्टीत मी कागद ओढला. 'सदर ड्रायव्हरास गाडीतील काही कळत नाही व तो मुद्दाम खोळंबा करतो.' म्हणे सदर! अर्ज लिहायची मला भारी खाज. चाळीस सह्या झाल्या. ठेकेदाराला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी काका नव्हते.

नवा ड्रायव्हर बसला की गाडी सुटायची. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुली तीच, पट्ट्याला साबण. तीन आठवड्यांत खांब गावाच्या अलीकडे पट्टा तुटला. तापमानाचा काटा लालवर गेला तरी हा पठ्ठ्या म्हणतो, कोलाडला बघू. कोलाड आलंच नाही. इंजिन जाम झालं आणि बस कायमची उभी राहिली. महिनाभर आम्ही ट्रकला हात दाखवत रोहा गाठलं. बरं झालं, आमची तीच लायकी होती.

कंपनीनं ठेकेदार बदलला. नव्याला ड्रायव्हर हवा होता, म्हणून मी काकांच्या गावी गेलो. पन्नाशी उलटलेला माणूस पुन्हा मिठागरात उतरला होता. पायांना मिठानं चिरा पडलेल्या. दुसऱ्या कुणी त्यांच्या हातात गाडी दिली नव्हती. चाळीस जणांनी नालायक ठरवलेल्या माणसाला कोण देणार? मला वाटलं, बघताच अंगावर येतील. आले असते तर बरं झालं असतं. इंजिन गेल्याचं सांगितलं, तर त्यांनी आधी विचारलं, "कुणाला लागलं तर नाय ना?" मग नोकरीचं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. पुन्हा शिव्या खायची ताकद नाही म्हणाले.

मी उठलो तसे बांधापर्यंत सोबत आले.

"ठेकेदारानं हातात दिला तो अर्ज मी पोरीकडून वाचून घेतला. ज्यानं लिवला, त्यानं त्या दिवशी उतरून एकदा पुलीला हात लावला असता, तर लिवला नसता. मला भांडायचं नाय. त्याला फक्त एवढं सांगायचं हाय. कोन होता, तुमाला ठाऊक हाय?"

"नाही," मी म्हणालो.

काका पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात वारले. खरं सांगायला माझ्याकडे पुरं वर्ष होतं.