चिकपेटमध्ये विकत मिळालेलं मरण

नव्वद सालानंतरची गोष्ट, इकडं कानडी मुलखात, राजाजीनगरच्या आमच्या घरातली. ऐन पितृपंधरवड्यात आमच्या ह्यांनी चिकपेटच्या रविवारच्या बाजारातून मामांचं मरण विकत आणलं...

मामा म्हणजे ह्यांचे मामा. पलटणीत शिंपी होते. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेले ते गेलेच... ना पत्र, ना तार. गंगूमामी आमच्याकडेच राहायच्या. पन्नास वर्षं दाराकडे बघत कुंकू लावून बसल्या होत्या, मामांचं श्राद्ध कुणाला घालू देत नव्हत्या.

तर ह्यांनी आणलं एक पितळी होकायंत्र. डबीएवढं, काळंकुट्ट, झाकणावर खोक पडलेली. विकणारा म्हणाला म्हणे, ब्रह्मदेशात एका मराठी शिंप्याच्या खिशात होतं, गोळी यावरच बसली. हे रडत घरी आले.

मामींनी ते बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाल्या, "सर्वपित्रीला भटजी बोलाव. आणि माझं मंगळसूत्र आता उतरव."



श्राद्धाआधी आमच्यात देवाची पितळ चिंचेनं घासतात. मामींनी ते यंत्र देवाशेजारी ठेवलेलं, म्हणून तेही घासलं. दोन हात मारले आणि काळं सगळं वाहून गेलं! खाली पिवळंधमक. मी शिकले दुसरीपर्यंत, पण पितळ जन्मभर घासलीय. जुन्या पितळेच्या कडा झिजून गुळगुळीत होतात. ह्या यंत्राच्या बोटाला टोचत होत्या...

सर्वपित्री दोन दिवसांवर. रविवारच होता. रिक्षा केली आणि बाजार गाठला.

"अण्णा, लढाईतलं काही आहे का?"

"बन्नी, या अक्का! ओंदे पीस, एकच नग! पंजाबी पायलटच्या खिशातलं. गोळी कुठं लागली बघा..."

मी त्याचं गोणपाटच उचललं. खाली डझनभर यंत्रं... आणि प्रत्येकाला त्याच जागी गोळी लागलेली!

"आणि तो मराठी शिंपी रे?"

मेला हसला. "ते चष्मेवाले सर स्वतःच सांगून गेले की, विकत घ्यायच्या आदल्या रविवारी. मी स्वल्प गोळी घातली, अष्टे, एवढंच."

म्हणजे आमच्याच ह्यांनी गोष्ट दिली, आणि आठ दिवसांनी तीच पैसे मोजून घरी आणली. धन्य तो नवरा!

घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. वाटलं, सुटतील बिचाऱ्या, हसतील. त्या भडकल्याच.

"तुला कुणी सांगितलं होतं घासायला? शिंप्याला होकायंत्र कशाला लागतं, एवढं मला कळत नाही होय? पन्नास वर्षं कुणी तोंडानं 'गेला' म्हणालं नाही गं. ना सरकार, ना घरचे. एकानं म्हटलं... असू दे की खोटं."



भटजी आले. मामांच्या नावानं पान मांडलं. मंगळसूत्रावरून मात्र मी भांडले, ते राहिलं गळ्यात. त्या दुपारी मामी पोटभर जेवल्या आणि पुढच्या दाराला आतून कडी घालून घोरत झोपल्या. भरदिवसा त्या दाराला कडी लागलेली मी लग्न होऊन आल्यापासून कधी बघितली नव्हती...

मी खरं तेच सांगितलं, पण मामींना झोप दिली त्या बाजारातल्या लबाडानं. हे मला अजून पचलेलं नाही.