नऊ वाजताचं ड्रिल
लिफ्टबाहेर सिमेंटच्या धुळीचा वास आला की दहा-बारा वर्षांपूर्वीची, सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमधली एक सकाळ आठवते. आमच्याकडे खोली भाड्याने घेतलेली पुण्याची मुलगी विद्यापीठात कावीया भाषेवर काम करत होती. कॅलिफोर्नियातली ही भाषा बोलणारे फार थोडे उरले होते. त्यांतल्या एक आजी त्यांच्या रिवाजाप्रमाणे फक्त थंडीत गोष्टी सांगत, आणि त्या मोसमातली शेवटची गोष्ट ही मुलगी फोनवरून रेकॉर्ड करत होती. आवाज नको म्हणून मी पंखासुद्धा बंद केला होता. आजी रंगात आल्या आणि वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. मी धावत वर गेलो, अर्धा तास थांबा म्हणालो. कंत्राटदाराने दारावरच्या परमिटमध्ये लिहिलेल्या कामाच्या वेळेवर बोट ठेवलं. “नाइन ओ’क्लॉक ऑलरेडी, अंकल. कॅन ड्रिल लाह!” घड्याळात खरंच नऊ वाजले होते. खाली आलो तोवर आजींनी गोष्ट अर्धवट सोडून फोन ठेवला होता. “उद्या सांगतील ना?” मी विचारलं. “नाही हो काका. त्यांचा मोसम आज संपला, आता पुढची थंडी. तोवर त्या असल्या तर,” म्हणत तिने पंखा लावला. त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मीही नऊलाच ड्रिल सुरू केलं असतं, आणि चीड येते ती याचीच.